मॉनिटर नसलेलं मशीन

शनिवारी सकाळी साडेसात वाजता सुनंदाताई ओट्याजवळ पडल्या. नऊ वाजता डॉक्टरांनी त्या गेल्याचं सांगितलं. अकरा वाजता मला फोन आला. साल दोन हजार सात. त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या.

फोन त्यांच्या यजमानांचा, रमेशदादांचा होता. ते म्हणाले, "मंदार, तुझी ताई गेली रे. चार वाजता नेणार आहोत." मी तेव्हा बदलापूरला शिरगावात राहायचो. अंबरनाथला त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. कोपऱ्यात टेबलाखाली एक करडा सीपीयू असायचा. त्याचा हिरवा दिवा विझला होता. त्याच्या प्लगच्या जागी उभा पंखा लावला होता. हे माझ्या लक्षात आलं, आणि अशा वेळी हे लक्षात यावं याची मला लाज वाटली.

तो सीपीयू आमचा सर्व्हर होता, कंपनीचा सगळा कोड त्यात होता.

कंपनी म्हणजे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पला एका कापडाच्या दुकानावर भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. मालक हरेशभाई. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांना आम्ही सॉफ्टवेअर करून द्यायचो. मुख्य काम ताईंचं. त्या शाळेत नोकरी करत करत संध्याकाळच्या क्लासला प्रोग्रामिंग शिकल्या होत्या आणि मग त्यांनी शाळा सोडली होती. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होतो. मी कमी बोलतो. ताईंना त्याचं काही वाटायचं नाही. दुपारच्या डब्यानंतर आम्ही दोघं आपापलं पुस्तक वाचत बसायचो आणि हरेशभाई म्हणायचे, "ये ऑफिस आहे की लायब्ररी?"

आमचं सॉफ्टवेअर काय करायचं ते सांगतो, नाहीतर पुढची भीती कळणार नाही.

कारखान्यात एका वेळी जेवढा माल बनतो त्याला बॅच म्हणतात. प्रत्येक बॅचची रेसिपी असते. हे इतके किलो, ते इतके किलो. पण ड्रममधला माल शंभर टक्के शुद्ध नसतो. लेबलवर प्युरिटी लिहिलेली असते. कुठे अठ्ठ्याण्णव, कुठे एक्क्याण्णव. माल कमी शुद्ध असेल तर जास्त घ्यावा लागतो. किती जास्त, ते आमचा प्रोग्राम सांगायचा. कामगार स्क्रीनवरचा आकडा बघून वजनकाट्यावर माल मोजायचा आणि रिॲक्टरमध्ये, म्हणजे त्या मोठ्या बंद भांड्यात, सोडायचा.

ताईंना त्या आठवड्यात प्रोग्राममध्ये एक चूक सापडली होती. एका बॅचला एकच ड्रम लागत असेल तर हिशोब बरोबर यायचा. दीड ड्रम लागला, आणि दोन ड्रमांची प्युरिटी वेगळी असली, तर प्रोग्राम पहिल्या ड्रमची प्युरिटी सगळ्या मालाला लावायचा. आजवर एका बॅचला एका ड्रमहून जास्त कधी लागलं नव्हतं, म्हणून चूक दिसली नव्हती. पण एका कारखान्यात नवी रेसिपी सुरू होणार होती. तिला दीड ड्रम ॲसिड लागणार होतं. पहिला ड्रम कमी शुद्ध निघाला तर ॲसिड गरजेपेक्षा जास्त पडलं असतं. ॲसिड जास्त पडलं की भांडं तापतं. किती तापतं ते मला माहीत नव्हतं. भांड्याजवळ कामगार उभे असतात, हे माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ताई म्हणाल्या, "दुरुस्त केलंय. घरी गेल्यावर एकदा तपासते आणि सर्व्हरवर टाकते. सोमवारी आपण दोघं कारखान्यात जाऊन बसवू." नवी रेसिपी त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी सुरू होणार होती. म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता.

शनिवारी त्या गेल्या.

आता कंपनीचा कोड एका बाईच्या घरात टेबलाखाली का होता, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. तेव्हा आम्हाला वाटलं नाही. त्या निर्णयात मीही होतो.

अनेक माणसं एकाच प्रोग्रामवर काम करतात तेव्हा कोड एका मध्यवर्ती जागी ठेवावा लागतो. तिथे प्रत्येक बदलाची नोंद होते. कोणी, कधी, काय बदललं. चुकलं तर मागे जाता येतं. अशी जागा मिळवायचे तेव्हा तीन मार्ग होते. फुकट, विकत आणि घरचा.

फुकटचा मार्ग मी सुचवला होता. इंटरनेटवर अशा साइट होत्या. नाव नोंदवा, कोड ठेवा, एक पैसा लागत नाही. अट एकच, कोड जगात कोणीही बघू शकणार. हरेशभाईंना मी हे समजावून सांगितलं. "आपल्या कोडमध्ये पार्टीच्या रेसिपी आहेत," ते म्हणाले. "त्या तू चौकात लावणार? चर्यो झालास काय?" पार्टी म्हणजे गिऱ्हाईक कारखाना; चर्यो म्हणजे सिंधीत वेडा. आम्ही तो शब्द रोज ऐकायचो.

विकतचा मार्ग ताईंनी सुचवला. दर महिन्याला काही डॉलर भरायचे, कोड कुलुपात राहणार. आकडा मोठा नव्हता. पण त्यासाठी क्रेडिट कार्डाचा नंबर इंटरनेटवर टाकावा लागणार होता. हरेशभाईंकडे कार्ड होतं, ते पाकिटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं असायचं. ते म्हणाले, नंबर टाकला आणि कोणी रिकामं केलं तर भरून कोण देणार. शिवाय महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं, आणि जागा बघायलाही मिळणार नाही. त्यांच्या धंद्यात असं कोणी करत नव्हतं.

म्हणून घरचा मार्ग. हरेशभाईंनी एक जुना सीपीयू आणला. ताईंनी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम, टाकलं आणि तो ऑफिसमध्ये कपाटामागे ठेवला. पण उल्हासनगरला तेव्हा लोडशेडिंग होतं. इन्व्हर्टर आमचेच कॉम्प्युटर कसेबसे ओढायचा. दोनदा लाइट गेली तेव्हा डिस्कवरच्या काही फाइल्स खराब झाल्या. तिसऱ्यांदा काय होईल याची वाट न बघता ताईंनी मशीन रिक्षात घालून अंबरनाथला घरी नेलं. त्यांच्या भागात लाइट कमी जायची आणि त्यांनी फोनवरचं ब्रॉडबँड घेतलं होतं. ऑफिसमधून आम्ही नेटवरून त्या मशीनला जोडले जायचो. मॉनिटर लागत नव्हता, कीबोर्ड लागत नव्हता. दोन वर्षं ते बिनबोभाट चाललं. इतकं, की ते कुठे आहे हे आम्ही विसरूनच गेलो.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवून टाकली होती. ॲसिडचा हिशोब करणारा भाग फक्त ताईंनीच लिहायचा. माझ्याकडे रिपोर्ट आणि स्क्रीन. त्यांच्या भागाची माझ्याकडे तयार फाइल असायची. ती चालवता यायची, उघडून बदलता यायची नाही. जोखमीच्या जागेला एकच हात लागावा, हा त्यामागचा विचार. तो मला तेव्हा शहाणपणाचा वाटला होता.

सोमवारी ऑफिसला गेलो. सर्व्हरला जोडायचा प्रयत्न केला. उत्तर नाही. येणार नव्हतंच, पंखा मी बघितला होता. तरी दर अर्ध्या तासाने करत राहिलो.

हरेशभाईंनी कपाटातून एक सीडी काढून दिली. दिवाळीला लक्ष्मीपूजनात ते वह्यांबरोबर सॉफ्टवेअरची एक सीडीही ठेवायचे. ताईंनी मागच्या वर्षी ती भरून दिली होती. लाल कापडातून काढली तर तिच्यावर हळदकुंकू. नेमकं चकचकीत बाजूला, जिथून ड्राइव्ह वाचतो तिथे. हरेशभाई म्हणाले, देवाला चांगली बाजू दाखवतात. मी ओल्या फडक्याने पुसली, साबण लावला. ड्राइव्ह घुर्र घुर्र करत राहिला आणि थांबला. दोन कंपन्यांतल्या सॉफ्टवेअर करणाऱ्या ओळखीच्यांनी करून बघितलं. नाही वाचली.

"मग जा ना तिच्या घरी," हरेशभाई म्हणाले. "मशीन आपलीच आहे. घेऊन ये."

"आज तिसरा दिवस आहे," मी म्हणालो.

त्यांनी सीडी परत लाल कापडात गुंडाळली. तेही ताईंना बहिणीसारखं मानायचे. त्यांनी दोन दिवस दुकानाच्या पायरीवर बसून कोणाशी धंद्याची गोष्ट केली नव्हती.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, घरात माणूस गेलंय आणि तू वस्तू मागायला जाणार? तेरावा होऊ दे. सुतकात कोणी देणंघेणं करत नाही. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. त्या घरात जाऊन टेबलाखाली बोट दाखवायचं मला धाडस होत नव्हतं, आणि आता त्याला कारण मिळालं होतं.

पण तेरावा दिवस धरला तर तो नव्या रेसिपीच्या मंगळवारनंतर येत होता. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. मग स्वतःला सांगितलं की दहाव्या दिवशी जाऊ. म्हणजे सोमवार. सोमवारी मशीन आणायचं, मंगळवारी सकाळी आठच्या आधी कारखान्यात बसवायचं. जमेल. बुधवारी वाटलं जमेल. गुरुवारी वाटलं, मशीन चालूच झालं नाही तर? शुक्रवारी मी ताईंचा तो भाग स्वतः नव्याने लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत चार पानं झाली आणि लक्षात आलं की त्यांनी सात वर्षांत त्यात किती अपवाद घातले होते, ते मला माहीतच नाही. अर्धवट माहितीवर ॲसिडचा हिशोब लिहिणं म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी ठेवणं. फाइल बंद केली.

त्याच संध्याकाळी रमेशदादांचा फोन आला. रविवारी दहा वाजता जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आहे, या. हरेशभाईंनाही आणा.

रविवार म्हणजे नववा दिवस. मी गोंधळलो. ताईंचं घर बौद्ध. त्यांच्याकडे तेरावा नसतो, सुतक धरत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. चार वर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं. पण मी आठवडाभर माझ्या घरचे दिवस त्यांच्या दारावर मोजत बसलो होतो.

रविवारी पांढरा शर्ट घालून गेलो. बिल्डिंगच्या आवारात मांडव होता. समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला ताईंचा फोटो. त्रिशरण, पंचशील झालं. भंतेजी अनित्यतेवर बोलले. आवाज शांत होता. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो, कारण फोटोच्या शेजारी टेबलावर, पुस्तकांच्या तीन गठ्ठ्यांबरोबर, तो करडा सीपीयू ठेवला होता. पुसून स्वच्छ केलेला. त्याला फुलांचा हार होता.

मग ताईंचे सासरे उठले. ते रिटायर झालेले गृहस्थ, खिशात पेन लावणारे. माइक हातात घेऊन म्हणाले, "सुनंदा नेहमी म्हणायची, ज्ञान वाटावं. तिच्या स्मरणार्थ तिची पुस्तकं आणि हा कॉम्प्युटर आम्ही विहाराच्या अभ्यासिकेला दान देत आहोत." लोकांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं.

घरात दोन मशीन होती. एकाला मॉनिटर होता, त्यावर त्यांची मुलगी अभ्यास करायची. दुसरं कोपऱ्यात नुसतंच पडलेलं, आठ दिवस बंद, कोणी चौकशीही केली नाही. घरच्यांनी जे जास्तीचं दिसलं ते दिलं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. सर्व्हर चांगला चालत असेल तर तो पडून असल्यासारखाच दिसतो.

हरेशभाईंनी मला कोपर मारलं. "बोल," ते पुटपुटले. मला बोलता आलं नाही. दीडशे माणसांत उभं राहून, सासऱ्यांनी दान म्हणून दिलेल्या वस्तूवर, ही आमची आहे, असं कसं म्हणायचं? हरेशभाई स्वतःही उठले नाहीत. दोन जणांनी मशीन उचललं आणि टेम्पोत ठेवलं. जेवणाच्या पंगतीत रमेशदादा वाढायला आले. त्यांचे डोळे सुजले होते. "पोटभर जेव," ते म्हणाले. मी मान हलवली. पान तसंच राहिलं.

सोमवारी सकाळी साडेआठला मी विहारापाशी उभा होतो. अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची एक लांब खोली, जिथे परीक्षा देणारी मुलंमुली बसून वाचतात. तिची किल्ली बनसोडेकाकांकडे असायची. ते नऊला आले. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणालातरी सगळं सांगत होतो, त्यामुळे वाक्यं लागत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं.

"मशीन इथे नाहीये," ते म्हणाले. "कालच दुरुस्तीवाल्याकडे दिलं. चालू केलं तर नुसती काळी स्क्रीन आणि इंग्रजी अक्षरं. म्हटलं, विंडोज टाकून दे, मुलांना तेच लागतं."

विंडोज टाकायचं म्हणजे आधी डिस्क पुसायची. याला फॉरमॅट म्हणतात. पाटी पुसून कोरी करण्यासारखं आहे.

दुरुस्तीवाला उल्हासनगर पाच नंबरला. त्याचा फोन लागत नव्हता. मी रिक्षा केली आणि रिक्षात बसल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ कळली. मी आठ दिवस मशीन मिळेल की नाही एवढाच विचार करत होतो. न मिळालं तर काय, याचं उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं आणि ते एका फोनचं होतं. आमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे हे जगात आता एकट्या मला माहीत होतं. हरेशभाईंना अर्धवट माहीत होतं. कारखान्याला काहीच माहीत नव्हतं, आणि उद्या सकाळी आठ वाजता ते ॲसिड मोजणार होते.

मी आधी हरेशभाईंना फोन केला. ते म्हणाले, थांब, आधी मशीन बघ, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पार्टीला आपणहून चूक सांगायची म्हणजे पार्टी गेली. चार कारखाने आहेत, एकाने दुसऱ्याला सांगितलं की दुकान बंद. ते चुकीचं बोलत नव्हते.

मी फोन ठेवला आणि कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरना लावला. आपटेसाहेब. त्यांच्याशी नेहमी ताई बोलायच्या.

"सर, उद्याची नवी रेसिपी आमच्या प्रोग्रामवर घेऊ नका."

"का?"

"दोन ड्रमची प्युरिटी वेगळी असेल तर आकडा चुकतो. ॲसिड जास्त पडेल."

मागे प्लँटचा आवाज येत होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या शुक्रवारी नाही, त्याच्या आधीच्या. सुनंदाताईंनी शोधलं. त्यांनी दुरुस्त केलंय, पण ती दुरुस्ती अजून मिळत नाहीये."

"दहा दिवस," आपटे म्हणाले. "दहा दिवस तुम्ही हे खिशात ठेवलंत."

"हो."

"ताई असत्या तर दहा मिनिटांत फोन आला असता. मला घरी केला असता, जेवताना."

"हो, सर."

"आधीच्या बॅचेस?"

"त्या बरोबर आहेत. एका ड्रममध्ये व्हायच्या."

"लेखी द्या. मी उद्या दोन केमिस्ट बसवून हाताने हिशोब करतो. आणि तुमच्या मालकांना म्हणावं, मला भेटा."

फोन बंद झाला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, "साहब, तबियत ठीक है ना?" मी हो म्हटलं. आता कोणाला इजा होणार नव्हती. राहिला होता फक्त कोड. आता मला आठवतं की 'फक्त' हा शब्द मी तेव्हा मनात वापरला होता, आणि तो खरा नव्हता. त्या डिस्कवर ताईंचं सात वर्षांचं काम होतं. त्यांच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

दुकान जिन्याखालचं. दुरुस्तीवाला पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. करडा सीपीयू त्याच्या टेबलावरच होता. उघडलेला. त्याला मॉनिटर जोडला होता आणि मॉनिटरवर विंडोजचं ते हिरव्या टेकडीचं चित्र होतं.

मी स्टुलावर बसलो. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"झालंय तुमचं काम," तो म्हणाला. "अभ्यासिकेचं ना?"

मी विचारलं, यात जे होतं ते पुसलं गेलं का.

"पुसायची कशाला? दहा जीबीची डिस्क होती. दहा जीबीत मुलं काय करणार? मी माझ्याकडची चाळीसची टाकली." त्याने झाकण उचलून मशीनवर बसवलं. "सुनंदा मॅडमनी माझ्या मुलीला शाळेत शिकवलंय. दानाची वस्तू आहे, म्हटलं आपलाही हात लागू दे."

"जुनी डिस्क?"

त्याने पायाने टेबलाखालचा पुठ्ठ्याचा खोका ओढला. त्यात पंखे, वायरी, तुटके माउस. भंगारवाला बुधवारी यायचा. त्याने तीन डिस्क काढल्या. एकीवर पांढऱ्या पट्टीवर ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऑफिस. पुसू नये.'

"हे वाचलं नाहीत?" मी विचारलं.

"वाचलं ना. म्हणून तर नाही पुसली. पण फोन कोणाला करणार? ज्यांनी लिहिलं त्या तर गेल्या."

मी डिस्क रुमालात गुंडाळली. मशीनवर माझा काही हक्क उरला नव्हता आणि मी सांगितलाही नाही. ते अभ्यासिकेतच गेलं.

ऑफिसमध्ये ती डिस्क माझ्या मशीनला दुसरी म्हणून जोडली. वाचली. नोंदींची यादी उघडली. शेवटची नोंद शुक्रवारची, रात्री साडेनऊची. ताई नोंदी रोमन अक्षरांत मराठीत लिहायच्या. लिहिलं होतं, 'दोन ड्रम असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा. मंदारने तपासून मगच बसवणे. मी एकटीने बघितलेलं पुरेसं नाही.'

मी ते हरेशभाईंना वाचून दाखवलं. ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. फोनबद्दल त्यांनी मला त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आणि जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

मंगळवारी मी कारखान्यात गेलो. दोन केमिस्टनी हाताने केलेला हिशोब माझ्यासमोर ठेवला. पहिला ड्रम एक्क्याण्णवचा निघाला होता, दुसरा अठ्ठ्याण्णवचा. जुन्या प्रोग्रामचा आकडा जास्त येत होता. ताईंच्या दुरुस्तीचा आकडा केमिस्टच्या आकड्याशी जुळला. मी तो आठ वेगवेगळ्या जोड्या घेऊन तपासला. मग बसवला. आपटेसाहेब मागे उभे होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. कारखान्याने आम्हाला काढलं नाही, पण एक पत्र दिलं. कोड अशा जागी ठेवा जिथे एका माणसाच्या नसण्याने तो बंद होणार नाही, आणि त्या जागेच्या किल्ल्या दोघांकडे असू द्या. पत्र हरेशभाईंनी तीनदा वाचलं. चौथ्या वेळी पाकिटातलं कार्ड प्लॅस्टिकमधून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "टाक नंबर. पण मी बघत असताना टाक."

महिनाभराने मी रमेशदादांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मशीन, रविवार, मी न बोलणं.

"तू दुसऱ्या दिवशी आला असतास तरी दिलं असतं," ते म्हणाले. "आम्ही कुठे काय धरून बसलो होतो? उलट कोणीतरी तिच्या कामाचं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. सगळे नुसते बसून जायचे."

कोड फुकट ठेवावा, विकत ठेवावा की घरी, हा प्रश्न मला अजूनही नवीन कंपन्यांत विचारतात. मी तिन्हींचे फायदेतोटे सांगतो. मग विचारतो, तुमच्यातलं एक माणूस उद्या आलं नाही तर दुसऱ्याला आत जाता येईल का. आणि त्याच्या घरी फोन करायला तुम्ही किती दिवस लावाल. दुसऱ्या प्रश्नावर लोक हसतात.

हरेशभाईंनी कंपनी बंद केली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या कारखान्यात दुसरं सॉफ्टवेअर आहे. आमचा कोड कोणी चालवत नाही. हरेशभाई म्हणाले, तूच ठेव, म्हणून ती विकतची जागा माझ्या नावावर घेतली आहे. तिथे सहाशे चौदा नोंदी आहेत. त्यातल्या चारशे दोन ताईंच्या आहेत.